पोत्याचे उपयोग

माझ्या शिष्यांनी माझा गौरवग्रंथ काढला, त्यात माझ्या बुद्धीचा उगम सांगणारा एक लेख आहे. लेखकाने मोठ्या भक्तिभावाने लिहिलं आहे की लोणावळ्याच्या एका पानवाल्याच्या मुलाला कुणी विद्वानाने विचारलं, रिकाम्या पोत्याचे उपयोग सांग, तर तो पोरगा म्हणाला, रुसायला. पुढे या एका शब्दाचा रस काढत लेखक कितीतरी पानं चालत राहतो. अभिजात कल्पकता म्हणजे काय, हे त्याने त्यावरून सिद्ध केलं आहे. सभेत हा किस्सा निघाला की टाळ्या पडतात आणि माझी मान खाली जाते. लोकांना तो विनय वाटतो. विनयाची आणि माझी फारशी ओळख नाही, हे माझी बायको कुणालाही सांगेल. मान खाली जाते त्याचं कारण वेगळं आहे. ते ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं तो मागच्या पावसाळ्याआधी गेला. तेव्हा आता निदान तुम्हाला तरी सांगतो.

आमचं पानाचं दुकान स्टेशनाच्या रस्त्यावर होतं आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. दुकान कुठे संपतं आणि घर कुठे सुरू होतं, हे फक्त अम्माला ठाऊक होतं. एका उंबऱ्याच्या आत चुन्याचा हात भांड्यांना लागलेला तिला चालायचा नाही. नागवेलीची पानं टोपलीतून यायची. ती ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची आणि रोज संध्याकाळी एकेक पान उलटून, पुसून, सडकं तेवढं बाजूला काढून पुन्हा रचायची. एक सडकं पान रात्रीत शेजारच्या चार पानांना आपल्यासारखं करतं. माझ्या शाळेतल्या संगतीबद्दल अब्बांना एवढंच तत्त्वज्ञान पुरेसं वाटायचं. माझ्या वर्गातला कुणी दुकानावरून गेला की ते अडकित्ता थांबवून विचारायचे, ‘‘हे पान कसलं?’’ गाडी घाट चढून आली की तिच्या ब्रेकचा लांबलचक किंकाळीसारखा आवाज दुकानात शिरायचा, आणि त्या आवाजात अब्बांच्या अडकित्त्याची कटकट बुडून जायची. गाडी थांबली की कटकट पुन्हा वर यायची. अजूनही कुठे सुपारी कातरताना ऐकू आली की मला मागून गाडी यायची आहे असं वाटतं.

पानं उलटायच्या त्या वेळेला गेनू हमखास यायचा. तो मळवलीचा. भाताची खाचरं, दोन बैल, एक थोरला भाऊ, ज्याला तो दादा म्हणायचा, आणि त्या दादाची बायको. वडील नव्हते, आई होती. मळवलीहून रुळाच्या कडेने तो शाळेत चालत यायचा आणि शाळा सुटली की आमच्या पायरीवर बसून पुन्हा चालायला बळ यावं म्हणून काहीतरी खायचा. यात एक अडचण होती. त्याच्या आईला विचारल्याशिवाय आपल्या चुलीवरचं त्याला द्यायचं नाही, असा अम्माचा नियम होता, आणि आईला विचारायला गेनू कधीच तयार नव्हता, कारण ती नाही म्हणाली तर वासही बंद होईल, ही त्याला भीती. त्यामुळे आत अम्माचा रस्सा रटरटायचा आणि बाहेर हा फुटाणे खात डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायचा. ईदेला तर अम्माने कमाल केली. कच्च्या शेवया, साखर, खारका आणि चार बदाम एका फडक्यात बांधून त्याला दिले आणि सांगितलं, घरी नेऊन आईला करायला सांग. दुसऱ्या दिवशी आईने कशा केल्या म्हणून विचारलं, तर म्हणाला, ‘‘लय झ्याक झाल्या मावशी.’’ खारका आणि साखर त्याने वाटेतच संपवली होती आणि शेवया सुगरणीच्या घरट्याला शोभतील का, ते झाडावर चढून पाहिलं होतं. मला त्याने हे सांगितलं तेव्हा मी त्याला मूर्ख म्हणालो. मी त्याला रोजच मूर्ख म्हणायचो. मी वर्गात पहिला होतो आणि माझं अक्षर चांगलं होतं, तेव्हा तो हक्क माझाच होता.

अशात आमच्या शाळेत पुण्याचे एक सर आले. विलायतेत जाऊन मुलांची बुद्धी मोजायचं शास्त्र ते शिकून आले होते. त्यांचं नाव मी इथे घालत नाही, आम्हीही ते कधी घेतलं नाही. त्यांच्या हातात चालू-बंद करायचं एक घड्याळ असायचं म्हणून पोरांनी त्यांना घड्याळवाले सर करून टाकलं. हेडमास्तरांनी वर्गात सांगितलं, उद्यापासून तुमच्या डोक्यांचं मोजमाप होणार. ही बातमी घरोघरी पोचली आणि दुसऱ्या दिवशी अर्धी शाळा तुळतुळीत होऊन आली. मापात केसांमुळे खोट यायला नको म्हणून आयांनी पोरांना भल्या पहाटे न्हाव्यापुढे बसवलं होतं. घड्याळवाले सर दारात उभे राहून त्या चकचकीत रांगेकडे बघत राहिले. शाळेत साथ आहे का, असं त्यांनी हेडमास्तरांना हळूच विचारलं म्हणतात. माझेही केस गेले होते. गेनूचे शाबूत होते. त्याचं म्हणणं असं की डोकं मोजायचंच असेल तर केसासकट मोजू दे, तेवढंच जास्त भरेल.

मोजमाप डोक्याच्या घेराचं नव्हतं, हे मग कळलं. एकेकाला सुतारकामाच्या खोलीत बोलवायचे. रंगीत ठोकळे जुळवायला द्यायचे, उलटे आकडे म्हणायला लावायचे, चित्रात काय राहिलं आहे ते ओळखायला सांगायचे. गेनूने ठोकळे सरांनी घड्याळ नीट दाबायच्या आत जुळवून टाकले, तेव्हा ते त्यांना पुन्हा मोडून पुन्हा जुळवून घ्यावे लागले. शेवटी सगळ्या शाळेतून दोनच नावं उरली, त्याचं आणि माझं. सरांनी हेडमास्तरांच्या देखत आम्हाला सांगितलं की पुण्याच्या एका शाळेत निवडक मुलांचा एक वर्ग निघतो आहे, राहणं, जेवण, फी सगळं तिथलंच. लोणावळ्यातून एक मुलगा घ्यायचा आहे. एक तोंडी चाचणी राहिली आहे, तिच्यावर ठरेल.

माझ्या दृष्टीने ती मोठी गोष्ट होती. गेनूच्या दृष्टीने तीच एक गोष्ट होती. मी पुण्याला गेलो नसतो तर अब्बांनी मला कसंही करून पुढे शिकवलं असतं, निदान तसं ते म्हणायचे. गेनूच्या दादाने मात्र ठरवून टाकलं होतं. हे वर्ष संपलं की शाळा बास, मळवलीतल्या एका पारशाच्या बंगल्यावर माळ्याच्या हाताखाली गेनूने लागायचं. त्या मालकाशी बोलणंही झालं होतं. गेनूने मला हे सांगितलं ते फुटाण्याची सालं फुंकत, पण पुढे म्हणाला, ‘‘पुन्याला न्हाई गेलो तर संपलं बघ, दिल्या.’’ दिल्या म्हणजे मी. एरवी तो असं बोलणारा नव्हता.

चाचणीत काय विचारतात ते खालच्या वर्गातल्या एका पोराकडून फुटलं होतं. त्याच्यावर सरांनी आधी प्रयोग करून पाहिला होता. एक रोजची वस्तू समोर ठेवतात आणि तिचे किती उपयोग सुचतात ते विचारतात. वस्तू होती पोतं. मी मनाशी म्हटलं, आता गेनूला तयार केलं पाहिजे. मला माझी काळजी नव्हतीच. तेव्हा संध्याकाळी पानं उलटता उलटता मी मास्तर झालो आणि त्याला विचारलं, सांग, पोत्याचा उपयोग काय?

गेनूने क्षणभरही विचार केला नाही. म्हणाला, बैलाच्या डोळ्यावर टाकायला, म्हणजे रूळ ओलांडताना गाडी बघून तो बुजत नाही. भाताचा भुसा भरून तोंड बांधलं की नदीत पोहायला शिकता येतं, बुडायला होत नाही. कोंबडीची आतडी आत घालून ओढ्यात रातभर ठेवलं की सकाळी खेकडी आपण होऊन पोत्यात राहायला आलेली असतात. आणि मग म्हणाला, ‘‘आन् रुसायला.’’

अब्बांचा अडकित्ता थांबला. ‘‘रुसायला?’’

‘‘व्हय चाचा. वयनीशी बिनसलं का दादा पोतं काकंत मारून गोठ्यात निजाया जातोय. पोतं दिसलं न्हाई जाग्यावर, का आई समजती, आज दोन भाकरी कमी थापायच्या.’’

अब्बा इतके हसले की त्यांना सुपारी खाली ठेवावी लागली. आत अम्माही हसली. मीही हसलो, पण मला त्याची कीव आली. हा उद्या सरांपुढे असलं बोलणार आणि बंगल्यावर झाडांना पाणी घालणार. मी त्याला समजावलं की परीक्षेत घरातलं सांगायचं नसतं, पुस्तकातलं सांगायचं असतं. मग पुस्तकात पोतं कुठे आहे, असा त्याचा रास्त प्रश्न होता. पुस्तकात असतं तर कसं असतं, ते मी सांगितलं. पोत्यात धान्य साठवता येते. पोत्यातून ओझे वाहता येते. पोते अंथरून बसता येते. पोत्यास पाय पुसता येतात. पावसात पोते डोक्यावर घेता येते. हे मी त्याच्याकडून घोकून घेतलं. ‘साठिवता’ म्हणाला की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या हातांखाली त्या वेळी ओलं गोणपाट होतं, ज्याच्या जिवावर आमचं घर चालत होतं, त्यात पानं ताजी राहतात हे मला त्या यादीत घालावंसं वाटलं नाही. तो तर दुकानाचा मामला, त्याला उत्तर कसं म्हणायचं?

पुढे सगळा जन्म मी शिक्षकांना हेच शिकवलं की मुलाला त्याचं उत्तर त्याच्या बोलीत देऊ द्या, घरातलं शाळेत येऊ द्या. हे वाक्य लोकांनी माझ्या नावावर वह्यांत उतरवून घेतलं आहे. मला ते कुठे सुचलं, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगायची घाई केली नाही. एक मात्र खरं लिहितो. त्याला पाडावं म्हणून मी ते शिकवलं का, याची मी स्वतःचीच नंतर कितीदा तरी परीक्षा घेतली, आणि ती घ्यायचा माझा धंदाच होता. उत्तर दरवेळी नाही असंच येतं. मी ते निव्वळ मायेने केलं. मत्सराने केलं असतं तर निदान त्याला ते ओळखू आलं असतं, आणि तो सावध झाला असता.

गेनूची चाचणी सकाळी झाली. बाहेर आला तो खुशीत होता, सगळं म्हटलं, म्हणाला. दुपारी मला बोलावलं. टेबलावर पोतं पसरलं होतं आणि सरांच्या हातात घड्याळ होतं. मी माझी उत्तरं एका दमात म्हणून टाकली, पाढे म्हणावेत तशी. धान्य, ओझं, बैठक, पाय, पाऊस. सर म्हणाले, ‘‘आणखी?’’ आणखी काही नव्हतं. घाई नाही, असं ते म्हणाले, आणि घड्याळाकडे बघितलं. बाहेर कुणीतरी लाकडावर रंधा मारत होतं. वर्गात पहिला येणाऱ्याला उत्तर येत नसलं की काय होतं, हे मला आयुष्यात प्रथमच कळत होतं, आणि तिथे पाठ केलेलं काही उरलं नव्हतं. मग तोंडातून आपोआप निघालं, ‘‘बैलाच्या डोळ्यावर टाकायला.’’ सरांनी घड्याळ खाली ठेवलं. भुशाचं सांगितलं, खेकड्यांचं सांगितलं. त्यांचा चेहरा उजळत गेला तसा मीही धीट झालो. शेवटी रुसायचंही सांगितलं. सर खुर्चीत मागे रेलून हसले. तुमच्या घरी कोण रुसतं, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, अब्बा.

दुसऱ्या दिवशी सर पुण्याच्या गाडीला जाताना दुकानावर आले. मी पानं पुसत होतो. त्यांनी अब्बांना सांगितलं की मुलगा असामान्य आहे, आम्ही त्याला नेतो. अब्बांनी हात पुसून त्यांना नमस्कार केला आणि पान लावायला घेतलं. सर गमतीत म्हणाले, ‘‘आणि तुम्ही गोठ्यात जाऊन निजत जाऊ नका बरं. पोतं घेऊन रुसता म्हणे.’’

आम्हाला गोठा नव्हता. अब्बांचा चुन्याचा हात पानावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गिऱ्हाइकाने काही म्हटलं की हसायचं, तसे ते जरासे हसले. सर माझ्याकडे वळले. म्हणाले, तुझा तो मित्र मला फार हुशार वाटला होता. हातात ठोकळे आले की त्याचं डोकं कसं चालतं, ते मी पाहिलं. पण काल पढवल्यासारखा बोलला, एक शब्द स्वतःचा नव्हता. तसं असेल तर माझी चाचणी फसली, मी आजची गाडी सोडून त्याला पुन्हा विचारीन. ‘‘त्याला कुणी पढवलं का रे?’’

यापेक्षा सोपा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. मी म्हणालो, ‘‘माहीत नाही, सर.’’

अब्बांनी विड्याची घडी घातली, लवंग टोचली आणि विडा सरांच्या हातात दिला. सर गाडीकडे गेले. अब्बा पुढे जन्मभर या गोष्टीबद्दल माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. फक्त मी सुट्टीत घरी आलो की पाणी प्यायच्या आधी विचारायचे, ‘‘गेनूकडे जाऊन आलास का?’’ मी जायचोही. तो बंगल्यावर माळी झाला, मग तिथला सगळा कारभार बघू लागला. मालक बदलले, हा राहिला. नळाला पाणी नसताना बाग हिरवी कशी ठेवायची, याच्या त्याने इतक्या युक्त्या काढल्या होत्या की आजूबाजूचे बंगलेवाले त्याला विचारायला यायचे. माझ्या नोकऱ्या, बढत्या, सत्कार यांची बातमी त्याला माझ्याआधी असायची आणि तो त्या मळवलीभर सांगायचा. प्रत्येक भेटीत मी ठरवून जायचो की आज सांगायचं. प्रत्येक भेटीत तो इतका आनंदात असायचा की मला वाटायचं, कशाला उगाच. हे वाक्य मी इतक्या वेळा मनाशी म्हटलं आहे की आता ते मलाच पढवल्यासारखं वाटतं.

पुण्याला निघालो तो दिवस मात्र काही केल्या मागे पडत नाही. अम्माने ट्रंकेत सगळं घर भरलं होतं. अब्बा तिकीट काढायला गेले होते. गेनू मळवलीहून चालत आला, नेहमीसारखा रुळाच्या कडेने, पण शाळेची पिशवी नव्हती, त्यामुळे त्याला हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. त्याने आईकडून आंबेमोहोराचे तांदूळ आणले होते, ते अम्माच्या हातात दिले. मग मला जरा बाजूला घेऊन गेला. त्याची नजर फलाटावर होती. मला वाटलं, याला कळलं. मी तयार झालो. तो बोलला असता तर मी त्या क्षणी सगळं ओकून टाकलं असतं, याची मला आजही खात्री आहे, किंवा निदान ती असावी अशी माझी इच्छा आहे.

तो म्हणाला, ‘‘दिल्या, एक सांगायचं व्हतं. रागावू नगं.’’

मी म्हणालो, सांग.

‘‘तू येवढं घोकून घेतलंस माज्याकडनं. पर त्या सरापुढं ते साठिवतंच आलं त्वांडात. साठवता म्हणायचं ध्यानातच न्हाई ऱ्हायलं. तितंच घोटाळा झाला असंल बघ. तुजी मेहनत वाया घालिवली मी.’’

गाडीचा ब्रेक लागला, तो नेहमीचा लांब आवाज सगळ्या स्टेशनात भरला आणि तो संपेपर्यंत दोघांनाही थांबावं लागलं. तेवढा वेळ मला विचार करायला पुरेसा होता. अब्बा तिकीट घेऊन येताना दिसत होते.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, ‘‘असू दे रे. होतं असं एखाद्या वेळी.’’

त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने माझी ट्रंक स्वतः उचलून डब्यात चढवली.